नीलाकाकूंचा भाजीचा टार्ट

अमेरिकेत, बॉथेलला राहायला येऊन चार दिवस झाले होते. अर्धे खोके अजून गॅरेजमध्येच पडले होते. दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडलं तर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत निळा रेनकोट, पायात पुरुषी वाटावेत असे बूट, हातात फॉइलने झाकलेली बशी.

"मी नीला गद्रे. तुमच्या डावीकडचं घर," त्या म्हणाल्या. "काल तू नवऱ्याला 'अरे, खोका नीट धर' म्हणालीस ना, ते ऐकलं. म्हटलं, चला, मराठी आहेत."

मी ओशाळून हसले. त्यांना आत बोलावलं, पण त्या उंबरठ्यावरच थांबल्या आणि बशी पुढे करून म्हणाल्या, "आत्ता खा."

फॉइलखाली टार्टचा तुकडा होता. खाली खुसखुशीत पारी, वर पालक, गाजर, कांद्याची पात आणि सोनेरी डाग पडलेलं सारण. अजून कोमट होता. अनोळखी बाईंसमोर दारात उभं राहून खाणं अवघड वाटत होतं, पण त्या हलायला तयार नव्हत्या. मी एक घास घेतला आणि छान झालाय म्हटलं.

"छान नको सांगूस. मीठ कमी, बरोबर की जास्त?"

मी भीत भीत म्हटलं, किंचित कमी. त्यांनी रेनकोटच्या खिशातून छोटी वही काढली आणि किंचित म्हणजे किती, असं विचारलं. कांदा कच्चा लागतोय का, मिरची जिभेला आधी लागते की नंतर, जिरं करपल्यासारखं वाटतं का, असे आणखी तीन-चार प्रश्न झाले. सगळं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, "बशी रिकामीच आण हो. भरून आणायची पद्धत मला आवडत नाही. मग माणसं बशी द्यायलाच कंटाळतात."

संध्याकाळी प्रसाद, म्हणजे माझा नवरा, ऑफिसमधून आल्यावर मी त्याला सांगितलं की शेजारच्या काकू जरा विक्षिप्त आहेत. त्याने उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, असू देत.

नीलाकाकू मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा या भागात मराठी बोलणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. अरविंदकाका विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. काकूंनी तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. "माझा काप कधी परत आला नाही," एवढंच काकू त्या नोकरीबद्दल सांगत.

नोकरी सुटली तरी लॅब काही त्यांच्यातून गेली नव्हती. स्वयंपाकघरात वाटी-चमचा नावाला होते, सगळा कारभार ग्रॅमच्या काट्यावर. ओव्हनच्या वर दोन टायमर, कारण एक बंद पडला तर. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर काळ्या मार्करने तारीख. दुधाच्या कॅनवर छापलेली तारीख असायची, तरी त्यांची आपली वेगळी, कॅन उघडल्याची. वरणाच्या भांड्यावरही तारीख. दोन दिवस उलटले की पदार्थ चांगला असो नसो, कचऱ्यात. एकदा मी म्हटलं, काकू, वास घेऊन बघा ना, चांगलंच असेल. त्या म्हणाल्या, "तारीख झाली की झाली. लॅबमध्ये कोणी वास घेऊन ठरवत नाही."

कशाबद्दलही चौकशी करायची त्यांची एक ठरलेली रीत होती. "रिझल्ट काय?" प्रसादच्या ग्रीन कार्डचं, माझ्या ड्रायव्हिंग टेस्टचं, त्यांच्या टार्टच्या मिठाचं, सगळ्याचं एकच. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पहिल्यांदा नापास होऊन आले तेव्हा रडवेल्या तोंडाने त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी विचारलं, "रिझल्ट?" मी मान हलवली. त्यांनी काही समजूत घातली नाही. गाडीची किल्ली घेतली, मला घेऊन एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेल्या आणि दोन तास मला फक्त उलटी गाडी लावायला लावली. प्रत्येक वेळी उतरून गाडी आणि पट्टीमधलं अंतर पावलांनी मोजायच्या. "तीन पावलं. पुन्हा." पुढच्या टेस्टला मी पास झाले.

आणि टार्ट. दर रविवारी सकाळी त्या टार्ट करायच्या आणि साडेअकराच्या सुमाराला माझ्याकडे तुकडा यायचा, वहीसकट. कधी दुधी भोपळ्याचा, कधी ब्रोकोली आणि मक्याचा, उन्हाळ्यात त्यांच्या मागच्या अंगणातल्या चार्ड नावाच्या पालेभाजीचा. चव सांगण्यात मी हळूहळू तरबेज झाले. मला वाटायचं, बाईंना एकटेपणा असेल, कौतुकाची भूक असेल. चिकाटीने मीठ विचारणाऱ्या माणसाला कौतुक नको असतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

इथल्या महाराष्ट्र मंडळात मात्र त्या टार्टवरून बरंच बोललं जायचं. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्या बिनअंड्याचा, पनीर आणि थोडं बेसन घातलेला टार्ट घेऊन आल्या. पुण्याहून नुकत्याच आलेल्या दोन मुलांनी त्यावर केचप ओतलं आणि आवडीने खाल्लं. एक काका हसत हसत म्हणाले की हे तर भाकरीवर चिकटवलेलं भरीत. पण स्वयंपाकघरात बायकांचं कुजबुजणं वेगळं होतं. पूर्वी नीलाताईंची मसालेभाताची परात आली की रांग लागायची, कटाची आमटी तर लोक बाटलीतून घरी न्यायचे, आणि आता वर्षभर बघावं तेव्हा हा टार्ट. एक बाई त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे राहून आता एकदम अमेरिकन व्हायचं मनात आलं की काय?"

काकू म्हणाल्या, "हो, उशीरच झाला जरा." आणि ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

परत येताना गाडीत मी विचारलं, तुम्ही मसालेभात खरंच करायच्या का? त्या वायपरकडे बघत म्हणाल्या की करत असत, आता हात बसत नाही. मला ते पटलं नाही, पण मी पुढे विचारलं नाही.

वसंतात मी त्यांच्याकडे हट्ट धरला की मला टार्ट शिकवा. प्रसादची आई नागपूरहून येणार होती, तिला काहीतरी वेगळं करून घालायचं माझ्या मनात होतं. काकूंनी मला शनिवारी सकाळी नऊला बोलावलं. मी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेले तर लोणी परत फ्रिजमध्ये गेलेलं.

"लोणी थंड हवं. तू उशीर केलास, ते मऊ झालं. आता पंधरा मिनिटं बस."

मग मैदा आणि थोडी कणीक तोलून घेतली, मीठ घातलं, थंड लोण्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे केले. ते पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळव्याने नाही, तळवा गरम असतो. पीठ रव्यासारखं दिसायला लागलं की बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने, गोळा जेमतेम एकत्र येईपर्यंत. मी पोळीसारखं मळायला गेले तशी त्यांनी माझ्या मनगटावर चापटी मारली. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. तोवर भाजी. पालक, गाजराचा कीस, कांद्याची पात, थोडा झुकिनी. झुकिनीला मीठ लावून फडक्यात पिळून काढायला मला सांगितलं आणि पिळून झाल्यावर फडकं स्वतः हातात घेऊन पुन्हा पिळलं. आणखी अर्धी वाटी पाणी निघालं.

"हे पाणी आत राहिलं असतं तर तळ ओला झाला असता. मग वरून कितीही सुंदर दिसू दे."

पारी टार्टच्या पत्र्यात बसवली, त्यावर बेकिंगचा कागद घातला आणि कपाटातून त्यांनी एक बरणी काढली. आत जुनाट, काळपट पडलेला राजमा. पट्टीवर लिहिलेलं: खायचा नाही. तो राजमा कागदावर पसरून पारी आधी नुसतीच भाजायची, म्हणजे फुगत नाही. त्या म्हणाल्या, हा राजमा अदितीच्या शाळेच्या दिवसांपासूनचा आहे. अदिती म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. पोर्टलंडला राहते, शाळेत समुपदेशक आहे, नवरा बेन आणि मुलगी माया.

पारी ओव्हनमध्ये असताना त्यांनी मला या टार्टची गोष्ट सांगितली. अदिती चौदा वर्षांची असताना तिच्या शाळेत पॉटलक होतं. काकूंनी मटकीची उसळ करायचं ठरवलं होतं. अदिती दारात उभी राहून रडायला लागली. तिच्या कोटाला फोडणीचा वास येतो म्हणून बसमध्ये एक मुलगी तिच्या शेजारून उठून गेली होती. आई, प्लीज, ज्याला वास येणार नाही असं काहीतरी कर, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकूंनी लॅबमधल्या डोरोथी नावाच्या मैत्रिणीला विचारलं आणि तिने दुपारच्या सुट्टीत कागदाच्या नॅपकिनवर टार्टची कृती लिहून दिली. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचे कोट गॅरेजमध्ये टांगले जाऊ लागले आणि अदितीच्या मैत्रिणी येणार असल्या की टार्ट.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. पण टार्ट चांगला झाला," त्या म्हणाल्या आणि ओव्हनच्या काचेतून आत बघायला वाकल्या. टायमर वाजायला दोन मिनिटं असताना त्यांनी पारी बाहेर काढली, कडेचा रंग बघून. मला म्हणाल्या, रंगावर विश्वास ठेवायला शीक.

सासूबाई येऊन गेल्या, टार्ट त्यांना आवडला, वरून शेव घालून त्यांनी दोनदा घेतला. उन्हाळा गेला. ऑक्टोबरच्या एका दुपारी मी त्यांची बशी परत द्यायला गेले. दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. उघडलं तर गॅसचा इतका दर्प आला की मी एक पाऊल मागे सरकले. धावत आत गेले. शेगडीवर दूध उतू जाऊन विझलेली ज्योत, ओघळलेलं दूध, आणि बटण पूर्ण चालू. मी ते बंद केलं, मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या आणि हाका मारत पुढे गेले. काकू बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होत्या, अगदी निवांत. अदितीशीच बोलत होत्या. मी हातवारे करून त्यांना बाहेर यायला सांगितलं. त्यांनी फोनवर सांगितलं की मृणाल आली आहे, नंतर बोलते, आणि माझ्या मागून अंगणात आल्या.

"काय झालं?"

"काकू, गॅस! सगळं घर भरलंय. तुम्हाला वास नाही आला?"

त्या अंगणातल्या ओल्या बाकावर, खाली काही न घालता, बसल्या. मीही शेजारी बसले. उघड्या खिडक्यांचे पडदे बाहेर फडफडत होते.

"मला वास येत नाही, मृणाल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. साथीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हा गेला तो आलाच नाही. चवही त्याच्याबरोबर बरीचशी गेली. खारट, गोड, एवढंच कळतं, तेही पुसट."

मग हळूहळू सगळं सांगितलं. फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू येते, पण हिंग, मेथी, जिरं कधी खमंग झालं आणि कधी करपलं हे नाकच सांगतं. दोनदा आमटी करपलेली होती आणि त्यांना ते मंडळातल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तिसऱ्यांदा चेहरे बघायला नकोत म्हणून त्यांनी ते सगळं सोडलं. टार्टचं सगळं डोळ्यांना आणि हातांना कळतं. लोणी थंड आहे का, भाजी कोरडी आहे का, कड सोनेरी झाली का. फक्त मिठासाठी दुसऱ्याची जीभ लागते. ती जीभ म्हणून त्यांनी मला पकडलं होतं.

"ह्यांचा एक करडा स्वेटर मी धुतला नव्हता," त्या म्हणाल्या. "पिशवीत बंद करून ठेवला होता. कधी तरी उघडायची. वास गेल्यावरही सहा महिने उघडत होते, म्हटलं, कधी तरी येईल. मग एक दिवस धुतला आणि देऊन टाकला. चांगला स्वेटर होता, कोणाच्या तरी अंगावर असेल."

मी त्यांचा हात धरला. एरवी त्यांना ते आवडलं नसतं.

मग त्यांनी मला अदितीला सांगू नकोस म्हटलं. काका गेल्यापासून अदिती मागे लागली होती की घर विक आणि पोर्टलंडला ये. हे कळलं तर ती दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन येईल. "मी तिच्याकडे जाणारच नाही असं नाही. पण मला उचलून नेलेलं नकोय."

मी अडचणीत सापडले. कारण त्याच्या महिनाभर आधी अदितीने मला मेसेज केला होता, आई ठीक आहे ना, ती आजकाल काय खाते विचारलं की टाळते. मी उत्तर दिलं होतं, एकदम मस्त आहे, काळजी करू नकोस. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं. मी काकूंना म्हटलं की मी गप्प राहीन, पण दोन अटींवर. गॅसची शेगडी जाईल, विजेची येईल, आणि भिंतीला गॅसचा अलार्म लागेल. आणि अदितीला त्या स्वतः सांगतील, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत.

त्या म्हणाल्या, "शेगडी आठवड्यात. अदितीला पुढच्या रविवारी बोलावते जेवायला, सगळ्यांना. जेवण झाल्यावर सांगते. आधी नाही."

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं तर ती प्रत्येक घास माझी दया येऊन खाईल. मला खरा रिझल्ट हवाय."

शेगडी पाच दिवसांत बदलली. तो रविवार मला चांगला आठवतो. काकूंनी मला आणि प्रसादलाही बोलावलं होतं. मी सकाळीच गेले. पारी पत्र्यात बसवताना एका बाजूला चिरली, त्यांनी कडेचा जादा तुकडा घेऊन ओल्या बोटाने ठिगळ लावलं. मोठा टार्ट होता, पालक, मश्रूम आणि लाल सिमला मिरचीचा. शेजारी टोमॅटोचं सार, कोशिंबीर, भात. साराला मी फोडणी दिली, त्या शेजारी उभ्या राहून मोहरीचा आवाज ऐकत होत्या. सारणातलं मीठ मी चाखलं, मी बरोबर म्हटल्यावरही त्यांनी पुन्हा चाखायला लावलं.

अदिती, बेन आणि माया बाराला पोहोचले. अदिती पंचेचाळिशीची, आईसारखीच उंच, पण बोलण्यात घाई. शेगडी बदललेली तिने लगेच पाहिली. काकूंनी सांगितलं की जुनी झाली होती. जेवताना माया शाळेच्या नाटकाबद्दल इंग्रजीत सांगत होती, बेनने टार्टचा तिसरा तुकडा घेतला. अदिती खाता खाता मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, धिस इज सो गुड. शाळेतल्यापेक्षा भारी. काय वेगळं केलंस?"

काकू हसल्या. बशी बाजूला सारली आणि हात टेबलावर एकावर एक ठेवले.

"अदिती, मला या टार्टची चव कळत नाही. वासही येत नाही. दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात गॅस उघडा राहिला आणि मला कळलं नाही. मृणाल आली म्हणून कळलं."

मायाने बेनकडे बघितलं. अदितीने काटा खाली ठेवला.

"दोन वर्षं?"

"हो."

"मी रोज फोन करते. रोज विचारते, काय केलंस, कसं झालं. तू म्हणतेस, मस्त वास सुटलाय. यू सेड दॅट, आई. लास्ट वीक म्हणालीस."

"म्हणाले."

अदिती माझ्याकडे वळली. "आणि तुला माहीत होतं?"

मी म्हटलं की तू विचारलंस तेव्हा नव्हतं, पण दहा दिवसांपासून आहे. तिने मान हलवली आणि उठून बाहेर गेली. खिडकीतून ती ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभी असलेली दिसत होती. बेन उठायला लागला, पण काकूंनी त्याला बसायला सांगितलं. तिला थोडा वेळ दे, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. मायाने आजीला हळूच विचारलं, चॉकलेटचीही चव लागत नाही का? काकूंनी सांगितलं की गोड लागतं, चॉकलेट लागत नाही. मायाला ते फारच भयंकर वाटलं असावं, कारण ती खुर्चीवरून उतरून आजीला चिकटून उभी राहिली.

दहाएक मिनिटांनी अदिती आत आली. तिचं नाक लाल झालेलं. ती आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वास येणार नाही असं कर, असं मीच म्हटलं होतं ना तुला. आय स्टिल थिंक अबाउट दॅट. बसमधली ती मुलगी मला आठवतसुद्धा नाही आता. तुझा चेहरा आठवतो."

काकू म्हणाल्या, "अगं, तू चौदा वर्षांची होतीस."

"तू तेव्हाही काही बोलली नाहीस. आताही नाही."

"नाही बोलले," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं. आताचं. तेव्हाचं नाही."

अदितीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, मग तिची बशी पुढे ओढली आणि म्हणाल्या, गार होतंय, संपव. अदितीने ते संपवलं. मग भांडी कोणी घासायची यावरून मायलेकींची चांगली वीस मिनिटं वादावादी झाली आणि ती ऐकत आम्ही कॉफी प्यायलो.

ट्रक काही आला नाही. अदिती त्या दिवसानंतर पोर्टलंडचा विषयच काढेनाशी झाली. दर दुसऱ्या रविवारी ते तिघं यायचे, मीठ आता अदिती सांगायची, कारण ती माझ्यापेक्षा निष्ठुर होती. डॉक्टरांकडे ती आईला घेऊन गेली, त्यांनी वासाचं प्रशिक्षण म्हणून लवंग, लिंबू वगैरे रोज हुंगायला सांगितलं. काकूंनी ते सहा महिने वेळ लावून केलं, वहीत नोंदी केल्या. प्रत्येक दिवसापुढे एकच अक्षर होतं: ना. मग त्यांनी वही मिटली आणि लवंगा चहात घातल्या.

मंडळात त्यांनी स्वतःच सांगितलं. पाडव्याच्या कार्यक्रमात, जेवायच्या आधी, माईक हातात घेऊन दोन वाक्यांत. त्या अमेरिकन झाल्यात म्हणणाऱ्या बाई नंतर त्यांच्याजवळ येऊन रडल्या. काकूंनी त्यांनाच चव सांगायच्या कामाला लावलं.

पुढच्या मे महिन्यात काकूंनी मला सांगितलं की त्या पोर्टलंडला जाणार. अदितीच्या घराजवळ एक छोटं अपार्टमेंट मिळालं होतं. मी चकित झाले. मी विचारलं, अदिती मागे लागली का? "नाही ना," त्या म्हणाल्या. "ती लागायची थांबली. मग मला नाही म्हणायला काही उरलं नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण त्यांनी मागच्या अंगणातल्या चार्डची रोपं मला दाखवून प्रत्येकाला किती पाणी घालायचं ते दोनदा सांगितलं.

घर रिकामं करताना त्यांनी राजम्याची बरणी मला देऊ केली. मी म्हटलं, तुम्हाला लागेल. त्या म्हणाल्या की पोर्टलंडलाही राजमा मिळतो. पण मग बरणी परत घेतली आणि स्वतःच्या खोक्यात ठेवली.

त्या जुलैत गेल्या, एका शनिवारी सकाळी. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. अदिती गाडी घेऊन आली होती. निघायच्या आधी काकूंनी रिकाम्या स्वयंपाकघरात शेवटचा टार्ट केला होता, वाटेत थांबून दोघींनी खायला. पत्रा गरम होता, डब्यात घालता येईना, मागच्या सीटवर ठेवला तर घसरला असता. शेवटी अदितीने टॉवेल घडी करून आईच्या मांडीवर अंथरला आणि त्यावर पत्रा ठेवला.

मी खिडकीशी वाकले. त्या म्हणाल्या, फोन कर, ड्रायव्हिंग सांभाळ. नंतर आम्ही फोनवर खूपदा बोललो, पण भेट राहून गेली. दोन हिवाळ्यांनंतर अदितीचाच फोन आला.

त्या सकाळी गाडी मागे निघाली. अदिती आरशात बघत होती, काकू तिला हळू, हळू म्हणत होत्या. मी आणि प्रसाद ड्राइव्हवेच्या टोकाशी उभे राहून हात हलवत होतो. काकूंनी हात हलवला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेलसकट पत्र्याच्या कडा धरल्या होत्या आणि रस्त्याच्या वळणावर गाडी कलली तेव्हा टार्ट सरळ राहावा म्हणून त्या स्वतः दुसऱ्या बाजूला कललेल्या मला दिसल्या.